लास्त्रे आणि मामाचे दगड

या आठवणीत कोणी बुडत नाही. हे मी आधीच सांगून टाकते. त्या अकरा दिवसांत एवढे एक वाक्य मला कोणी सांगितले असते तर मी त्याच्या पाया पडले असते. आणि पाया पडण्याच्या चालीविरुद्ध मी तोवर दोन पत्रके लिहिलेली होती.

मी पत्रकांवर वाढले, असे लोक माझ्याबद्दल थट्टेने म्हणतात. ते शब्दशः खरे आहे. माझे वडील रत्नागिरीतल्या एका छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे. चुकलेले, शाई सांडलेले, एकाच बाजूने छापलेले कागद आमच्या घरी येत. त्यांच्यावर आई तांदूळ निवडी, त्यांत वडिलांची भाकरी बांधली जाई आणि पावसाळ्यात खिडकीच्या फटींतही तेच कोंबले जात. बाराखडी पुरी व्हायच्या आधी मी 'बंधूंनो' हा शब्द वाचू लागले. 'भगिनींनो' हा शब्द फार क्वचित येतो, हेही तेव्हाच कळले. दारू सोडा, शिवाशिव मोडा, विलायती कापड जाळा, मुलींना शिकवा. ज्या बाजूला छपाई नसे तिथे मी पेन्सिलीने माझी उत्तरे लिही. एकोणिसाव्या वर्षी माझे मत असे बनले होते की जगातले कोणतेही वाईट, नीट लिहिलेल्या चार परिच्छेदांपुढे टिकू नये. ते टिकते, याचा मला राग येई.

मिठाच्या सत्याग्रहाला दोन पावसाळे होऊन गेले होते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे चाचा राहत. त्यांचा सगळा उमेदीचा काळ आगबोटींच्या पोटात, भट्टीत कोळसा ढकलण्यात गेला होता. आता ते ओसरीत बसून जाळी दुरुस्त करीत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला परदेशातल्या बंदरांची हकिकत सांगत. एके दिवशी त्यांनी ट्रंकेतून दाढीचा आरसा काढला. तो एका छापील कागदात गुंडाळलेला होता. छापील कागद दिसला की माझा हात पुढे होतोच.

"हा कुठला कागद, चाचा?"

"दक्षिण अमेरिकेतला. गोदीतल्या हमालांनी संप केला होता, तेव्हा वाटत होते. इस्पानी आहे. मला बोलता येतं, वाचता येत नाही."

मला रोमन अक्षरे वाचता येत होती, भाषा येत नव्हती. दोघांचे मिळून एक शिकलेले माणूस होत होते. मी इंग्रजी धाटणीने शब्द वाचायची आणि चाचा कान देऊन ऐकायचे. मी 'ट्राबाजो' म्हटले तेव्हा त्यांना काहीच बोध होईना. पुन्हा पुन्हा वाचायला लावून शेवटी ते मांडीवर हात मारून म्हणाले, "त्राबाखो गो! काम. जन्मभर तेच केलं आणि ओळखलं नाही बघ." असे करत आम्ही पंधरा दिवसांत अर्धा कागद उतरवला. आषाढातली दुपार आम्हाला पुरत नसे.

कागदाच्या तळाशी जाड ठशात एक ओळ होती. समुद्र आणि फेका हे शब्द चाचांनी लगेच सांगितले. काय फेका, तर 'लास्त्रे'. तिथे ते थांबले आणि हसू लागले.

"हे तर माझं नाव होतं."

"म्हणजे?"

"एकदा तापानं पडलो होतो बोटीवर. उभं राहवत नव्हतं. मुकादम रोज सकाळी येऊन विचारायचा, लास्त्रे उठलं का? म्हणजे ओझं. खातो, पितो, पडून राहतो. कामाचा नाही."

मी वहीत लिहिले : लास्त्रे, निरुपयोगी ओझे, जो नुसता बसून असतो तो माणूस. त्याखाली तांबड्या शाईने रेघ ओढली. मुळात लास्त्रे कशाला म्हणत असतील हे मी विचारले नाही. शिवी म्हणून तो शब्द मला इतका आवडला होता की पुढे विचारायचे सुचलेच नाही. चाचाही न विचारलेले सांगणाऱ्यांतले नव्हते.

तो शब्द माझ्या हाती आला आणि त्याच आठवड्यात मिरकरवाड्यात बैठक झाली.

मिरकरवाडा हे माझे आजोळ. मामा तिथला तांडेल, म्हणजे मचव्याचा मुख्य. त्याचा स्वतःचा मचवा होता. मासेमारीचा नव्हे, माल नेणारा. मुंबईपर्यंत खेपा करी. मला तिथे मुलांसाठी वाचायची जागा करायची होती. कोणत्याही जातीचे, कोणत्याही आळीचे मूल यावे, शेजारी शेजारी बसावे आणि वाचावे. माझ्यापाशी पुस्तके थोडी आणि पत्रके ढीगभर होती. देवळाची पडवी दुपारी रिकामी असते, ती द्या, एवढेच माझे मागणे. बैठकीत जाणत्या मंडळींनी ते नाकारले. कोण कोणाशेजारी बसेल, याचा त्यांना घोर पडला होता. एकाने तर विचारले, "उद्या आमच्या पोरानं त्यांच्या हातचं पाणी मागितलं तर?" मी म्हटले, "तर त्याला तहान लागली होती असं समजा." दोघे तिघे हसले, पण हसण्याने पडवी मिळत नाही.

मामा खांबाला पाठ टेकून बसला होता. सगळी वाडी त्याचा शब्द मानी. मी बोलताना त्याच्याकडे पाहत होते. तो सुपारी चघळत समोर पाहत राहिला. बैठक उठेपर्यंत त्याने तोंड उघडले नाही.

बाहेर आल्यावर मी त्याला गाठले. "मामा, तू गप्प का बसलास?"

"बोलणारे रग्गड होते गो बाय," तो म्हणाला आणि चपला शोधू लागला.

त्या उत्तराने माझे डोके फिरले. घरी जाऊन मी एका दमात पत्रक लिहिले. मथळा होता 'ओझे समुद्रात टाका'. त्यात असे होते की समाजाच्या गलबतात काही माणसे हात न हलवता, पाठ खांबाला लावून बसून असतात. परदेशचे कामगार अशांना लास्त्रे म्हणतात. ती फेकल्याशिवाय गलबत पुढे जाणार नाही. नाव कोणाचेच नव्हते. पण पाठ खांबाला लावून बसलेला माणूस त्या दिवशी एकच होता.

छापखान्याच्या मालकांनी उरलेल्या कागदावर छापायची मुभा दिली. वडील खिळे जुळवीत होते. 'पाठ खांबाला लावून' या शब्दांपाशी त्यांचा हात थांबला.

"हे राहू द्यायचं?"

"राहू द्यायचं," मी म्हटले.

त्यांनी जुळवले. वडील मेहुण्याबद्दल काही बोलले नाहीत. मला ते संमतीसारखे वाटले.

पडवी नाही तर नाही. वाडीच्या कडेला एका म्हातारीने आपल्या माडाखालची जागा दिली. तिथे चौथरा बांधायचा, वर झापांचे, म्हणजे माडाच्या झावळ्यांचे, छप्पर घालायचे. चौथऱ्याला दगड हवे होते. पावसाळ्यात मचवे पाण्याबाहेर ओढून, गवताने शाकारून ठेवलेले असतात. मामाच्या मचव्याशेजारी काळ्या गोट्यांचा एक मोठा ढीग होता. गुळगुळीत, एकसारखे, दोन हातांत मावतील एवढे दगड. वर शेवाळ आलेले, रानवेल चढलेली. इतके चांगले दगड नुसते पडून आहेत, याचेच मला नवल वाटले.

ढिगाच्या वरच्या एका दगडावर चुन्याचा पट्टा होता आणि कुंकवाचा पुसट डाग. ते पाहून तर माझी खात्रीच झाली. दगडाला देव करण्याच्या खुळाविरुद्ध माझे एक पत्रक होतेच. इथे दगड पूजायला ठेवलेत आणि पोरांना बसायला जागा नाही. मी नारळाची शेंडी घेऊन तो डाग आणि पट्टा घासून काढला.

मामा आणि मामी तेव्हा हेदवीला होती. मामीच्या माहेरी लावणीला दरवर्षी जात. ढिगापासून जरा दूर एक बाई जाळ्याला गाठी मारत बसली होती. तिने हाक घातली.

"अगो, तो ढीग तुझ्या मामाचा हाय."

"मामाचा म्हणजे माझाच."

"बग बाय. मंग माझ्या नावानं ओरडू नको."

"समुद्राकाठी दगडांना काय तोटा आहे?" मी म्हटले.

तिने पुढची गाठ मारायला घेतली. माझ्याशी वाद घालण्यात कोणाला गोडी नसे, हे मला तेव्हा माझे यश वाटे. मुलांनी आणि मी मिळून तीन दिवसांत सगळा ढीग माडाखाली नेला. चौथरा झाला. चुन्याचा दगड मी मुद्दाम पायरीला लावला, म्हणजे येणाराजाणारा त्यावर पाय देईल.

नारळी पौर्णिमेच्या आधी मामा-मामी परत आली. पौर्णिमा झाली, मचवा पाण्यात उतरला आणि हंगामाची पहिली खेप ठरली. माल होता खराट्यांचा आणि सुंभाचा. पावसाळाभर वाडीतल्या बायका घरात बसून माडाच्या पातीतल्या हिरांचे खराटे बांधत, काथ्याचे सुंभ वळत. मुंबईला गणपतीआधी खराट्यांना मागणी असे. हलका माल, पण फुगीर. डेकावर माणसाच्या उंचीहून वर रचलेला. मी त्या दिवशी किनाऱ्यावर गेले नाही. मामासमोर जायची माझी इच्छा नव्हती. चौथऱ्यावर मुले वाचत होती, तिथून शीड दिसले. मुलांनी हात हलवले. सुकाणूपाशी उभ्या मामाने हात वर केला. मी मान वहीत घातली.

चौथ्या दिवशी मी चाचांकडे पत्रकाची प्रत घेऊन गेले. त्यांचा शब्द छापला होता, तो त्यांना दाखवायचा होता. मी सगळे वाचून दाखवले. ते विणता विणता ऐकत होते.

"छान लिहिलंस. पण लास्त्रेचं तू हे काय केलंस?"

"तुम्हीच सांगितलं होतं. ओझं."

"ते शिवी देताना. शिवी आधी कसलीतरी वस्तू असते ना, बेटी? लास्त्रे म्हणजे आपलं नीरम. गलबताच्या तळात भरतात ते दगड."

मी विचारले, दगड कशाला भरतात. त्यांनी विणायची सुई खाली ठेवली. माल जड असला तर नाही भरत, ते म्हणाले. पण माल हलका आणि उंच रचलेला असला, की खाली भार हवा. नाहीतर शिडात वारा भरला की होडी कुशीवर जाते.

"आणि मग?"

"मग नीरम तिला परत उठवतं. नसेल तर नाही उठत."

खराट्यांनी लादलेला तो मचवा माझ्या डोळ्यांपुढे आला. मला आणखी काही विचारायचे नव्हते, पण चाचा आता रंगात आले होते. एका बंदरात त्यांची एक खानावळवाली होती. त्यांच्यातल्या एका उतावळ्या पोराला ती म्हणायची, काबेसा सिन लास्त्रे. डोके आहे, पण त्यात लास्त्रे नाही. वारा येईल तिकडे कलंडणारे. "म्हणजे बघ, मुकादम मला लास्त्रे म्हणून शिव्या द्यायचा, आणि ती बाई लास्त्रे नाही म्हणून शिव्या द्यायची. शब्द तोच."

"पण त्या कागदात तर समुद्रात फेका म्हटलंय," मी म्हटले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

"फेकतातही. खडकावर चढली, हलकी करायची असली, तर फेकतात. ते तांडेल ठरवतो, त्या वेळी."

"चाचा, ते दगड कसले असतात? कोणतेही चालतात?"

"छे. काळे, जड, गोल, म्हणजे तळाच्या फळ्यांना इजा नको. ज्याचा त्याचा ढीग असतो, बापजाद्यांनी जमवलेला. दुसऱ्याच्या ढिगाला कोणी हात लावत नाही. त्यातला एक आधी आत जातो, मधोमध. त्याला चुन्याची खूण करतात. बायका कुंकू लावतात."

माझ्या तळहाताला तो चुना पुन्हा खरखरीत लागला. मी उठले ती थेट मिरकरवाड्यात गेले.

मामी दारात सुंभ वळत होती. मी उभ्या उभ्याच सांगितले. ढीग मी नेला. चौथरा त्याचाच आहे. चुन्याचा दगड पायरीला आहे. एवढे सरळ आणि थोडक्यात मी त्याआधी काही बोलले नव्हते.

"ठावं हाय," मामी म्हणाली. वळणे तिने थांबवले नाही.

"मामाला?"

"तो बगून आला. ढीग नाय म्हणून वाडीत इचारलं, तर म्हणाले, भाचीनं नेला. मंग माडाखाली गेला. जरा वेळ उभा राहिला. पोरं वाचीत व्हती म्हणे. परत आला नि म्हणाला, जांभा भरू."

जांभा म्हणजे आमच्याकडचा तांबडा दगड. खणताना मऊ, अंगाला भोकेच भोके. घरे बांधायला फार चांगला. पण काळ्या दगडापुढे हलका. जागा खातो, वजन देत नाही.

"जांभा पुरतो?" मी विचारले.

मामीने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिले. "वारा बरा असला तर पुरतो."

पत्रकाबद्दल ती बोलली नाही. मीही नाही. पण त्या घरात मला माझा मथळा सगळीकडे दिसत होता.

त्यानंतर मी घरी कमी आणि किनाऱ्यावर जास्त राहू लागले. मुंबईच्या खेपेला एरवी नऊ दिवस लागत. सहाव्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर गलका झाला. ओहोटीच्या रेघेवर खराटे येऊन लागले होते. पाच, सात, मग लाटांबरोबर आणखी. ओले, वाळूने भरलेले. बायका धावत आल्या. मामी वाकली, एक खराटा उचलला आणि त्याची बांधणी अंगठ्याने चाचपली.

"ही माझी गाठ," ती म्हणाली.

मी वाळूतच बसले. लिहिलेले मागे घेता येत नाही, हे छापखान्यात वाढलेल्या मुलीला कोणी शिकवायला नको. खिळे सुटे करून परत खणांत टाकता येतात, पण वाटलेले कागद परत येत नाहीत. ओझे समुद्रात टाका. मी हे लिहिले होते, आणि समुद्राने उत्तर पाठवले होते.

मामी मात्र पाण्याच्या कडेने चालत पुढे गेली. दूरवर जाऊन, पाहून परत आली. बायकांना म्हणाली, "सुंभ नाय आलं."

"काय?"

"सुंभ आत भरलेलं, खराटे वर. सुंभ पण तरंगतं. मचवा गेला असता तर सुंभ पण आलं असतं. खराटेच आलेत. म्हंजे वरचं टाकलंय त्यानं."

बायकांनी माना हलवल्या. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. तिचा हिशेब चुकू नये, असे मला वाटत होते; आणि तो बरोबर की चूक हे समजण्याइतके त्या पाण्याबद्दल मला काही ठाऊक नव्हते. माझ्या वयाची दुसरी कुठलीही पोरगी त्या वाडीत मला शिकवू शकली असती.

सातव्या दिवशी मी चौथरा मोडायला घेतला.

मुलांनी विचारले, "बाई, का?" मी सांगितले, हे दगड उसने घेतले होते, न विचारता. म्हातारीने आरडाओरडा केला की माझ्या माडाखाली खड्डा करून ठेवला. तो नंतर बुजवीन म्हटले. दगड भिजून निसरडे झाले होते. नेताना मुले हसतखेळत नेत होती. आणताना मी एकटीच बरेचसे आणले, कारण मला कोणाची मदत मागायची लाज वाटत होती. दुसऱ्या दिवशी मुले न बोलावता आली. जाळेवाली बाईही उठून आली. मी वाट्टेल तसे टाकत होते, ते पाहून तिला राहवले नाही.

"तसा नको. मोठे खाली. हां. आता हा हितं. दगडाला काय तोटा, म्हणत व्हतीस ना?"

"म्हणत होते," मी कबूल केले.

पायरीचा दगड शेवटी आणला. पायांनी घासून तो आणखी गुळगुळीत झाला होता. मी चुना आणला आणि त्यावर पट्टा ओढला. कुंकू मी लावले नाही. तेवढे माझ्याने झाले नाही, आणि त्याची मला आजही लाज नाही. ते संध्याकाळी मामीने लावले.

नववा दिवस गेला. दहावा गेला. बंदरात आगबोट आली, तिच्यावरून उतरलेल्या कोणी काही पाहिले नव्हते. वडील छापखान्यातून परस्पर किनाऱ्यावर येऊन माझ्याजवळ बसले. डबा उघडता उघडता म्हणाले, "थांबलेला हात मी पुढे चालवायला नको होता." एवढेच. मग डब्यातली अर्धी भाकरी मला दिली.

अकराव्या दिवशी दुपारच्या सुमाराला शीड दिसले. माझ्या आधी जाळेवालीने पाहिले आणि माझ्या आधी ओळखले, कारण त्या शिडाला वरच्या कोपऱ्यात तिनेच ठिगळ लावले होते. मी पाण्यात कमरेपर्यंत गेले. मचवा सरळ उभा होता. इतकी सरळ वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती.

मामा उतरला. उन्हाने काळा पडलेला, दाढी वाढलेली. त्याने आधी किनाऱ्यावरच्या ढिगाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"काय गो बाय," तो म्हणाला, "ओझं परत आलं."

मी पाण्यातून वर आले. तो म्हणाला, "पोरांनी वाचून दावलं मला. तो कागद. निघायच्या आदल्या दिवशी. बरा वाचतात."

"मामा, दगड मी नेले."

"ठावं हाय."

"मग बोलला का नाहीस? तू एक शब्द बोलला असतास तर मी त्या क्षणी परत आणले असते."

"नसते आणलेस. भांडली असतीस. नि वर पोरं बसलेली. त्यांना काय, उठा म्हणू?" त्याने पागोटे सोडून तोंड पुसले. "वाटलं जांभा पुरंल. नाय पुरला. तांडेल मी हाय, चूक माझी."

"अर्धी माझी."

"बरं. अर्धी तुझी."

मग तिथेच वाळूत बसून त्याने हकिकत सांगितली. जयगडच्या अलीकडे वारा एकदम फिरला. मचवा कुशीवर गेला आणि उठता उठेना. तेव्हा त्याने खलाशांना ओरडून सांगितले की वरचे खराटे पाण्यात लोटा. लाथांनी लोटले. भार उतरल्यावर मचवा सावरला. तसेच जयगडच्या खाडीत घुसले, गोण्यांत वाळू भरून तळाला घातली, दोन दिवस वारा पडायची वाट पाहिली आणि मुंबई गाठली.

"हिनं लिवलंवतं ना, ओझं समुद्रात टाका," तो मामीला म्हणाला. "तेच केलं. तुझे खराटे टाकले."

"माझेच बरे गावले तुला," मामी म्हणाली.

"वरच्या थरात तुझेच व्हते."

"बरं झालं. माड काय झाप द्यायचा थांबलाय? होतील पुन्ना." असे म्हणून ती घरात गेली. बऱ्याच वेळाने बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि तिने आम्हा सगळ्यांना चुलीच्या धुरावरून चार शब्द सुनावले.

मचवा मुंबईहून रिकामा परतताना त्यालाही नीरम हवेच होते. वाळू खाडीतली, ओली. ती मामाला नको होती. त्याने बंदराजवळच्या खाणीतले फोडीव काळे दगड भरून आणले होते. ते उतरवताना तो मला म्हणाला, "आता ह्ये ने. ह्यांना कोनी मालक नाय." म्हातारीच्या माडाखालचा खड्डा त्या दगडांनी बुजला आणि चौथरा पुन्हा उभा राहिला. कोपऱ्यांना जरा ओबडधोबड आहे. मुले त्यावर पाय खरचटून घेतात.

पुढच्या आठवड्यात मी शुद्धिपत्र छापले. छोटी चिठ्ठी, चार ओळी : मागील पत्रकात लास्त्रे या शब्दाचा अर्थ अपुरा दिला गेला. गलबत उभे राहावे म्हणून तळाशी जे भरतात ते लास्त्रे. ज्याच्या डोक्यात ते नाही त्यालाही परदेशात नाव ठेवतात. 'पाठ खांबाला लावून' हे शब्द वगळून वाचावे. वडिलांचा हात कुठे थांबला नाही. पत्रक जितक्या हातांत गेले होते तितक्या हातांत मी ती चिठ्ठी स्वतः नेऊन दिली. काही जण हसले. हसू दिले.

पण मामा त्या बैठकीत बोलायला हवा होता, हे माझे मत मी बदललेले नाही. मी ते त्यालाही सांगितले. तो म्हणाला, त्या दिवशी त्याच्याच मचव्यावरचे खलाशी दोन्ही बाजूंना बसले होते. तो बोलता तर हंगामाला एकत्र निघणारी माणसे फुटली असती. मी म्हटले, फुटली असती तर फुटू द्यायची होती. तो म्हणाला, "बरं. पुढल्या खेपेला बोलेन." मला वाटले टाळतो आहे. पण वर्षभराने पडवीचा विषय पुन्हा निघाला तेव्हा तो खांबापासून पाठ काढून सरळ बसला आणि म्हणाला, "पोरं बसतील. पडवी झिजत नाय." तीन जण उठून गेले. बाकीचे बसून राहिले, आणि पडवी मिळाली. आता आमच्या दोन जागा आहेत.

दर नारळी पौर्णिमेनंतर मचव्यात नीरम भरताना मी जाते. बायका म्हणतात, आली बघा कागदवाली. चुन्याचा दगड मी उचलते, पाण्यातून चालत नेते आणि आतल्या खलाशाच्या हाती देते. तो फळ्यांवर टेकल्याचा आवाज येतो. तो ऐकला की मी बाकीच्यांसारखी पुढचा दगड आणायला वळते.